झुफेनहाउझेनची चार आसनी गाडी

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणत, पिंपरीस टेल्कोच्या कारखान्यांत होते. १९९५ सालीं त्याच आवारांत मर्सिडीज-बेन्झ मोटारींची जुळणी सुरू झाली, आणि मधोमध एकच वायपर असलेली ती चौकोनी तोंडाची गाडी पुण्याच्या रस्त्यांवर क्वचित् दिसूं लागली. दादांची नेमणूक त्या जुळणीवर झाली. दारें बसवून त्यांच्या फटी सारख्या आहेत कीं नाहींत हें पाहणें, हें त्यांच्याकडील काम. सायंकाळीं चहा घेतां घेतां ते आमच्या जुन्या शिसवी कपाटाचें दार उघडीत, मिटीत, आणि म्हणत, "दाराच्या आवाजावरून सुताराचा स्वभाव कळतो." गाडींत बसून हिंडण्याचा योग मात्र त्यांना आला नाहीं. ते जन्मभर बसनेंच घरीं आले.

दादांना जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. त्यांचा मुलगा जर्मनींत स्टुटगार्ट शहरीं एंजिनिअर आहे. वहिनीहि त्याच्याजवळच असतात. गेल्या हिवाळ्यांत पुतण्याचा फोन आला कीं, त्याच जातीची, परंतु तिच्यांतील सर्वांत वेगवान् अशी एक जुनी गाडी घेण्याचें त्याच्या मनांत आहे, तरी काकांनीं ती पाहावयास यावें. दुसऱ्याच दिवशीं सूनबाईंचा फोन आला. "काका, तुम्ही अवश्य या, आणि ह्यांना दोन शब्द सांगा." वादी आणि प्रतिवादी या दोघांनींहि एकाच माणसास वकीलपत्र द्यावें, तसा हा प्रकार झाला. वैशाखांत आम्ही निघालों.

स्टुटगार्ट हें शहर एका वाटींत वसलेलें आहे. सभोंवार डोंगर, आणि त्यांच्या उतारांवर वस्तीला अगदीं खेटून द्राक्षांचे मळे. नाशिकच्या माणसास द्राक्षांचें नवल नाहीं. परंतु मुख्य रेल्वे स्टेशनाच्या पाठीमागें, हांकेच्या अंतरावर, मळा पाहिल्यावर तोहि क्षणभर थबकेल. चढ असे कीं, गल्लीऐवजीं जागोजाग दगडी पायऱ्याच आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-शहरें आहेत. पण दोघी बहिणींच्या तोंडवळ्यांत आम्हांला कांहींच साम्य आढळलें नाहीं.

येथील लोक श्वाबी म्हणून ओळखले जातात. सदाशिव पेठेच्या काटकसरीच्या गोष्टी जशा आपल्याकडे सांगतात, तशा ह्यांच्या उर्वरित जर्मनींत सांगतात. त्यांच्या एका चालीचें आम्हांला फार कौतुक वाटलें. एका इमारतींत राहणाऱ्या बिऱ्हाडांनीं आळीपाळीनें एकेक आठवडा जिना आणि अंगण झाडावयाचें. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. या चालीस ते 'केरवोखे' म्हणतात. त्यांच्या भाषेंत 'केर' म्हणजे झाडणें आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. पण मराठी कानास हा शब्द परका वाटतच नाहीं. वहिनींनीं तर पहिल्याच दिवशीं तो आपलासा केला होता.

आतां त्या गाडीविषयीं. १९८४ च्या अखेरीस मर्सिडीजनें १२४ क्रमांकाच्या सांगाड्याची मोटार बाहेर काढली. ब्रूनो साको हे त्या वेळीं तेथील आकृति-विभागाचे प्रमुख. ती पुढें पंचवीस लाखांहून अधिक निघाली. डॉक्टरांनीं घेतली, वकिलांनीं घेतली, आणि टॅक्सीवाल्यांनीं तर लाखों किलोमीटर हांकली. पिंपरीस जुळली ती हीच. परंतु १९९० च्या शरदांत पॅरिसच्या प्रदर्शनांत याच साध्या अंगाची एक निराळी गाडी मांडण्यांत आली. नांव '५०० ई'. बोनेटखालीं पांच लिटरचें, आठ सिलिंडरांचें, बत्तीस झडपांचें एंजिन. प्रथम ३२६ आणि पुढें ३२० अश्वशक्तीचें. वेगास २५० किलोमीटरांचा लगाम कारखान्यानेंच घातलेला. पुढचा भार हलका करण्यासाठीं बॅटरी मागें डिकींत नेलेली. आणि एवढें सगळें असून बाहेरून पाहणारास फरक तो काय, तर मडगार्डें किंचित् फुगलेलीं आणि गाडी जमिनीशीं थोडी जवळ! संपत्ति असून ती अंगावर न मिरविणाऱ्या गृहस्थासारखी ही गाडी.

हीं फुगलेलीं मडगार्डेंच तिच्या विलक्षण जन्मकथेचें कारण झालीं. तें रुंदावलेलें अंग सिंडेलफिंगेनच्या नेहमींच्या पट्ट्यावर मावेना. त्याच सुमारास शेजारच्या झुफेनहाउझेनांत पोर्शचा कारखाना कामावांचून हवालदिल झाला होता. तेव्हां असें ठरलें कीं, पत्र्याचे भाग सिंडेलफिंगेनहून झुफेनहाउझेनला जावयाचे. तेथें रोसले-बाऊ नांवाच्या इमारतींत सांगाडा जुळवावयाचा. तो रंगासाठीं परत सिंडेलफिंगेनला. रंगल्यावर पुन्हां झुफेनहाउझेनला, एंजिन व आसनें बसविण्यासाठीं. आणि अखेरच्या तपासणीस तिसऱ्यानें सिंडेलफिंगेनला. एका गाडीस अठरा दिवस लागत. सासर-माहेर करीत वाढलेल्या अशा १०,४७९ गाड्या १९९५ पर्यंत निघाल्या, आणि मग तो उद्योग थांबला.

पुतण्या कामावर गेला कीं आम्ही मोकळेच. एके दिवशीं आम्ही या गाडीच्या फेऱ्यांची वाट लोकलनें धुंडाळली. सिंडेलफिंगेनचा कारखाना म्हणजे गांवाला लागून दुसरें गांवच. त्याच्या भिंतीकडेनें चालतांना पाय दुखूं लागले. तेथून माइखिंगेन, रेनिंगेन, लेओनबेर्ग असा लोहमार्ग शेतांमधून वळसा घेतो. लेओनबेर्ग आलें तेव्हां आम्ही खिडकीशीं सरसावून बसलों, कारण ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा केप्लर लहानपणीं याच गांवीं शाळेंत होता. पुढें कोर्नताल, आणि त्यानंतर पोर्शच्या दाराशीं न्यूविर्ट्सहाउस स्टेशन. उतरतांच समोर खांबांवर उचलून धरलेला संग्रहालयाचा पांढरा प्रासाद दिसतो. तो २००९ चा. सारी वाट तासाभराच्या आंतबाहेरची. रंग न लावलेले ते सांगाडे ट्रकवर चढून याच मुलखांतून जात-येत असतील, आणि त्याच काळांत इकडे पिंपरीस दादा दारांच्या फटी मोजीत असतील, हा विचार मनांतून जाईना. काळ जमतो, वर्ष एकच. पण ते दोन कारखान्यांचे कामगार एकमेकांस कधीं पाहणार नव्हते.

घरीं आल्यावर हें सर्व आम्हीं रसभरित वर्णून सांगितलें. सूनबाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "काका, तिच्यांत माणसें किती बसतात?"

येथें मात्र आमचें वकीलपत्र अडलें. ही गाडी चार आसनी आहे. मागील बांक दोन स्वतंत्र खुर्च्यांसारखा घडविलेला. मधल्या जागीं बसण्याची सोयच नाहीं. मोठ्या एंजिनाची शक्ति चाकांस पोंचविणारी मागची गिअरपेटी मोठी, तिनें ती जागा खाल्ली असें सांगतात. घरांत पुतण्या, सूनबाई, दोन मुलें आणि वहिनी अशीं पांच माणसें.

"मला पांचवी जागा दाखवा, मी आज सही करतें," सूनबाई म्हणाल्या. पुतण्या म्हणाला, "घरची रोजची गाडी आहेच कीं." "मग ही कोणासाठीं?" याचें उत्तर त्यानें दिलें नाहीं. वहिनी माळ ओढीत बसल्या होत्या. त्याहि कांहीं बोलल्या नाहींत.

पहिली गाडी आम्हीं पाहिली ती हमरस्त्याजवळच्या एका विक्रेत्याकडे. काळी, आरशासारखी लखलखीत. कांट्यावर अवघे ९०,००० किलोमीटर. मागणी छत्तीस हजार युरो. आम्हांला ती पाहतांक्षणीं आवडली, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं. परंतु पुतण्यानें बरोबर एका वृद्ध मेकॅनिकास आणलें होतें. याचे वडील १९६१ च्या करारानंतर जे तुर्की मजूर जर्मनींत आले, त्यांपैकीं, सिंडेलफिंगेनलाच राबले. सारे त्यास 'उस्ता' म्हणतात. आपल्या उस्तादाचाच हा तुर्की भाऊ, हें ओळखण्यास आम्हांस कोशाची गरज पडली नाहीं.

उस्तानें बोनेटकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. प्रथम त्यानें गाडीचीं कागदपत्रें मागितलीं. सर्व्हिसची वही हरवली होती, बिलें नव्हतीं. मग गाडी वर उचलवून तो खालीं शिरला. तळाला नुकतेंच काळें डांबरी लेपण दिलेलें होतें. जॅक लावण्याच्या जागेवरील झांकण त्यानें काढलें आणि हातोडीच्या दांड्यानें हलकेंच टिचकी मारली. आवाज पत्र्याचा आला नाहीं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला. गंज नेमका तेथें, पुढच्या मडगार्डांच्या कडांत आणि खालच्या प्लॅस्टिक पट्ट्यांच्या मागें लपून बसतो, असें त्यानें आम्हांस समजाविलें. ताज्या लेपणासारखी वाईट खूण दुसरी नाहीं. लपवावयाचें असतें म्हणूनच कोणी लेपतो. इतक्यांत तासभर उभी राहिलेल्या गाडीची पाठहि खालीं बसली होती. या गाडीची मागली बाजू तेलाच्या दाबावर तोललेली असते. त्या दाबाचे जे दोन गोळे असतात, त्यांतील वायु निघून गेला म्हणजे मागचीं चाकें बैलगाडीसारखीं आदळतात. हें दुरुस्त होण्याजोगें. गंजाचें मात्र तसें नव्हे.

उस्तानें हात पुसले. "छत्तीस हजार हिची किंमत नाहीं," तो म्हणाला, "हा पहिला हप्ता आहे."

दुसरी गाडी एसलिंगेनला होती. नेकार नदीच्या कांठचें हें गांव, जुन्या लांकडी चौकटींच्या घरांचें. वर चढावर पुन्हां द्राक्षांचे मळे. मालक ऐंशीच्या घरांतले निवृत्त गृहस्थ. गाडी १९९३ ची, राखी रंगाची, २,४०,००० किलोमीटर चाललेली. चालकाच्या आसनाचें कातडें एका कडेला झिजून पांढरें पडलें होतें, पुढच्या कांचेखालीं खड्यांचे टवके होते. मागणी चव्वेचाळीस हजार. आम्ही मनांत म्हटलें, अधिक पैसे देऊन अधिक जुनी गाडी घेणारा हा कोण शहाणा!

परंतु गृहस्थांनीं आम्हांला आधीं गाडीकडे नेलेंच नाहीं. दिवाणखान्यांत कॉफी दिली आणि टेबलावर तीन जाड फाइली ठेवल्या. त्या फाइली स्टुटगार्टच्याच लाइत्स कंपनीच्या, इतकी स्थानिक निष्ठा! त्यांत एकोणीसशें त्र्याण्णवपासूनचीं सारीं बिलें तारीखवार लावलेलीं. कोणत्या दिवशीं तेल बदललें, गिअरबॉक्सचें तेल कधीं, ब्रेकच्या नळ्या कधीं, दाबाचे गोळे कधीं. उस्ता चष्मा लावून पानें उलटूं लागला आणि एका बिलावर त्यानें बोट ठेवलें. १९९३ च्या आसपासपासून १९९५ पर्यंतच्या कित्येक मर्सिडीज गाड्यांत एंजिनावरील तारांचें आवरण असें वापरलेलें होतें कीं, उष्णतेनें तें कांहीं वर्षांत बिस्किटासारखें चुरूं लागे. मग तारेस तार लागून गाडी अडखळे, आणि हजारोंचे इलेक्ट्रॉनिक भाग नाहक जळत. या गृहस्थांनीं ती सबंध वायरिंग नवी घातली होती. दोन्ही डिस्ट्रिब्युटरांचीं झांकणेंहि नवीं. दमट हवेंत तीं बिघडलीं कीं हीच गाडी सर्दी झाल्यासारखी खोकते. उस्ता मान डोलावीत राहिला. तळ त्यानें पाहिला, पण देवदर्शन झाल्यावर प्रदक्षिणा घालावी तसा.

गाडी विकण्याचें कारण आम्हीं विचारलें. गृहस्थ म्हणाले, डोळ्यांना आतां रात्रीचें दिसत नाहीं. त्यांच्या पत्नी तेथेंच बसल्या होत्या. त्या पुतण्याला म्हणाल्या, "ह्यांनीं दर शनिवारीं तिला धुतलें आहे. तुम्ही धुवाल ना?" भाव करण्याची आमची पुणेरी तयारी होती, ती त्या प्रश्नापुढें लटकी पडली. तरी पुतण्यानें एक हजार कमी करून घेतले; रक्त कोठें जातें!

त्या रात्रीं जेवणानंतर सूनबाईंनीं वही काढली. वाचकांपैकीं कोणास असा मोह झालाच, तर त्या वहींतील आंकडे उपयोगीं पडतील म्हणून सांगतों. किंमत त्रेचाळीस हजार. तिच्या एक-चतुर्थांशाएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या डागडुजीसाठीं बाजूस; कारण गाडी कितीहि जपलेली असली तरी तीस वर्षांचें रबर तें रबरच, आणि बुश, नळ्या, एंजिनाखालच्या गाद्या यांना मालकाचें प्रेम कळत नाहीं. पेट्रोल शंभर किलोमीटरांस चौदा-पंधरा लिटर, म्हणून वर्षास तीन हजार किलोमीटरांवर फिरावयाचें नाहीं. पण अगदींच उभी ठेवावयाची नाहीं. उभ्या गाडीचीं सीलें सुकतात आणि टाकींत गंज धरतो. एका बाबतींत सरकार दयाळू निघालें. तीस वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत जपलेल्या गाडीस तेथें 'एच' अक्षराची नंबरपाटी मिळते. मग एंजिन केवढेंहि असो, वार्षिक कर १९१ युरो ७३ सेंट, आणि धुराच्या निर्बंधाच्या क्षेत्रांत शिरण्यास मुभा. दर दोन वर्षांनीं तपासणी मात्र चुकत नाहीं.

बेरीज झाली. सूनबाईंनीं ती पुतण्यापुढें सरकविली. घरासाठीं सांठविलेल्या रकमेंतून हे पैसे गेले असते, तर स्वतःचें घर दोन वर्षें लांबणार होतें. बराच वेळ कोणी बोलेना. आम्हांला दोन शब्द सांगण्यासाठीं बोलावलें होतें. तेहि आम्हांस सुचेनात. एकीकडे मुलांच्या डोक्यावरचें छप्पर, दुसरीकडे एक राखी मोटार, यांत न्याय कोणता हें सांगण्यास शहाणपण लागत नाहीं, आणि तरीहि आमच्यानें बोलवेना.

अखेर वहिनी म्हणाल्या, "ह्यांनीं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचीं दारें लावलीं." मग थोडें थांबून, "माझ्या पाटल्या आहेत. त्या मोडून जें येईल तें त्या डागडुजीच्या पैशांत घाला. घराच्या पैशांना हात लावूं नका."

"आई, पाटल्या नको," सूनबाई चटकन् म्हणाल्या. त्यांनीं वही पुन्हां ओढून घेतली आणि पेन्सिलीनें कांहीं खोडून लिहूं लागल्या. पुढील तीन वर्षांच्या उन्हाळी सहली गेल्या. पुतण्याची नवी सायकल गेली. जुनी रोजची गाडी आणखी पांच वर्षें वापरावयाची ठरली. घर एका वर्षानें लांबलें, दोन नव्हे. पाटल्या जागच्या जागीं राहिल्या. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, गाडी घेतली ती पुतण्यानें नव्हे, सूनबाईंनीं घेतली.

गाडी घरीं आल्यावर पंधरा दिवसांत ती उस्ताकडे दोनदां गेली. एकदां स्टीअरिंगच्या दाबाची नळी झिरपत होती म्हणून, दुसऱ्यानें मागच्या दोन बुशांसाठीं. प्रत्येक बिल सूनबाई स्वतः चौथ्या फाइलींत लावतात. ती फाइलहि त्याच कंपनीची आणली आहे.

मर्सिडीज संग्रहालयास जाण्याचें ठरलें तेव्हां प्रश्न पुन्हां उभा राहिला. आतां आम्ही धरून माणसें सहा, आणि आसनें चार. त्यावर सूनबाईंनीं तोडगा काढला. जिना झाडण्याच्या पाटीसारखीच एक पाटी त्यांनीं केली. तिच्यावर मोठ्या मुलानें लोकलचें चित्र काढलें. ज्याच्या दारावर ती लटकेल त्यानें त्या आठवड्यांत रेल्वेनें यावयाचें, आणि सोबतीस दुसऱ्या कोणीं जावयाचें तें चिठ्ठी टाकून. वहिनींचें नांव मात्र या पाळींतून वगळलें आहे.

निघतांना वहिनींना पुढच्या आसनावर बसविलें. पुतण्या दार लावणार, तोंच त्यांनीं त्याचा हात बाजूस सारला, आणि दार स्वतः ओढून घेतलें. आवाज झाला. त्यांनीं तें पुन्हां उघडलें आणि पुन्हां लावलें.

पाटी पहिल्या आठवड्यांत आमच्या दारावर होती, व चिठ्ठी धाकट्या मुलाची निघाली. आम्ही दोघे नेकारपार्क स्टेशनावर उतरून संग्रहालयापाशीं पोंचलों, तरी ती राखी गाडी अजून आली नव्हती. मुलगा म्हणाला, "आजोबा, लोकलच जास्त फास्ट आहे." वाट पाहतांना आम्ही दोघांनीं रस्त्यावरचे वायपर मोजले, एका वायपरची गाडी येण्यास पुष्कळ वेळ लागला.